डाव्या खांद्यामागची खुर्ची

१९ फेब्रुवारी

दादास,

आधी घडलं ते क्रमाने.

१. विद्यापीठाच्या स्थापनादिनी बाबांनी मोठ्या सभागृहात भाषण केलं. ध्वनिमुद्रण मी केलं.

२. बाबा दोन वाक्यं बोलून थांबतात, हे तुला माहीत आहे. त्या दिवशीही थांबत होते.

३. ध्वनिमुद्रणात त्या प्रत्येक थांब्यात एका पुरुषाचा आवाज आहे.

४. सभागृहात तो कुणालाही ऐकू आला नाही. मलाही नाही.

५. आवाज तिकडच्या भाषेत बोलतो.

६. माझ्या उपकरणांत दोष नाही.

७. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

क्रमाने लिहिलं, कारण सांगायला बसलं की माणूस मीठमसाला लावतो, आणि मला ते नको आहे.

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात होता. मी डबा उघडला तेव्हा ती घरात नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात सगळ्यात वर कोरी पाकिटं आणि तिकिटं ठेवलेली दिसली. आमच्यात यावर बोलणं झालेलं नाही. आपल्या घरात काही बदललेलं नाही, हे तुला त्यावरून कळेल.

मी विद्यापीठाच्या ध्वनिविभागात आहे. सभागृहं, वर्ग, परिषदेची दालनं, जिथे माइक आहे तिथे मी. कुलगुरूंची मुलगी म्हणून चिकटली, असं उपाहारगृहात बोलतात. मी इथे बाबांच्या आधीपासून आहे. खरं तर वडील मला चिकटले.

आवाजाबद्दल एवढंच सांगते. तो घोगरा नाही, भयानक नाही. सभ्य आहे. आपली पाळी आली म्हणून कुणीतरी बोलतं, आणि बाबांचं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत संपवतं. एकदाही बाबांच्या शब्दावर त्याचा शब्द पडलेला नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. बिघाडाला शिष्टाचार नसतो.

तुला लिहितेय, कारण आपल्या घरात ती भाषा आता फक्त तुला येते. तुझं तर पोटच त्यावर आहे. तिकडे होतो तेव्हा मी शाळेत जेमतेम जाऊ लागले होते. मला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांनी. बाबा तहांचा इतिहास शिकवायचे, तिकडच्या जुन्या तहांवर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि सरकारने त्यांना वर्गातून उचलून तिकडे राजदूत केलं. त्यांना ती भाषा वाचता येत होती, बोलता येत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या राजाशी यांच्या गप्पा रंगल्या असत्या, दूधवाल्याशी नाही, असं आई म्हणायची. म्हणून दुभाषीकाका. तिकडचेच, पण आपली भाषा आपल्यापेक्षा नीट बोलणारे. ते बाबांच्या डाव्या खांद्यामागे, जरासे मागे सरकून बसत. बाबा दोन वाक्यं बोलून थांबत, मग काका. तुला भाषांतर शिकवलं ते त्यांनीच.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही खोटं का बोलता? 'मी राजदूत या नात्याने' म्हणता. तुम्ही कुठे राजदूत आहात?"

ते हसले. म्हणाले, "या खुर्चीत बसलं की मी नसतो, चिमणे. जो बोलतो त्याचा 'मी' तोच माझा. उठलो की परत मी."

बाबांची थांबायची सवय गेली नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. घरी जेवतानाही. "आज सभा लांबली. उद्याही लांबेल." मग थांबतात. परवा आई म्हणाली, "झालं का भाषांतर? मग वाटी पुढे करा."

कुलगुरूंच्या दालनातही त्यांच्या डाव्या खांद्यामागे एक खुर्ची आहे; बाबा बोलायला जातात तिथे तशीच मांडायला सांगतात, स्थापनादिनी मंचावरही होती. तिच्यात कुणी बसत नाही. स्वीय सहायक बाई तिच्यावर फायली ठेवतात आणि बाबा त्या उचलून जमिनीवर ठेवतात. बाई पुन्हा ठेवतात. दोघांनी त्याबद्दल एकमेकांना कधी काही विचारलेलं नाही.

मी तुला परत ये म्हणत नाहीये. ध्वनिमुद्रण पाठवलं तर ऐकशील का, एवढंच विचारतेय.

तुझी,
धाकटी


४ मार्च

दादास,

तुझं कार्ड मिळालं. "उपकरणं पुन्हा तपास." तीन शब्द. अक्षर बदललेलं नाही. आईने ते डब्यात ठेवलं. आधी बराच वेळ हातात धरून बसली होती.

उपकरणं तपासली. बाबांना ध्वनिचाचणी आहे असं सांगून दालनात चार माइक लावले आणि त्यांना काहीही वाचायला सांगितलं. त्यांनी वार्षिक अहवाल वाचला. माझ्या सहनशक्तीचीही चाचणी झाली. आवाज एकाच माइकवर आला: डावीकडचा, मागचा, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरचा. उभ्या माणसाच्या उंचीवरच्या माइकवर नाही.

मग मी खुर्ची उजवीकडे नेली. बाबा वाचता वाचता अडखळले, पण वाचत राहिले. आवाज उजवीकडच्या माइकवर गेला. मग खुर्ची दालनाबाहेर नेली. त्यावर बाबांनी वाचायला सुरुवातच केली नाही. घसा बसलाय म्हणाले. खुर्ची आत आणल्यावर घसा सुटला.

हे वाचून तू भुवई वर केलीस, ते मला इथून दिसतंय. मीही केली होती.

भाषांतरासाठी मी तुझी वाट पाहिली नाही. माझ्या हाताखाली तिकडची एक विद्यार्थिनी काम करते. बारा महिने काळी लोकरी टोपी घालते, म्हणून सगळे तिला टोपी म्हणतात, आणि आता तीही फोनवर "टोपी बोलतेय" म्हणते. तिला मी फक्त मागचा माइक ऐकवला. ती हेडफोन दाबून ऐकत बसली.

"कोण हे?"

"तू सांग."

"जुना माणूस आहे. आता असं कुणी बोलत नाही आमच्याकडे. आजोबा बोलायचे. अहवाल वाचतोय, पण किती सुंदर वाचतोय!" मग हेडफोन काढून म्हणाली, "हे सरांचं आहे ना? 'मी मागील वर्षी रुजू झालो' म्हणतो. म्हणजे भाषांतर आहे. चांगला दुभाषी ठेवलाय सरांनी. एक शब्द खाल्ला नाही, एक जास्तीचा घातला नाही."

मी केबल गुंडाळत राहिले.

तिने मग दुसरंच विचारलं. तिकडच्या सरकारने आपल्याकडे शिकणारी त्यांची काही मुलं परत मागितली आहेत. टोपी त्यांतली एक. तिकडच्या शिष्टमंडळासमोर ३० मार्चला परिषदेची बैठक आहे. आपलं मंत्रालय विद्यापीठाकडे बोट दाखवून मोकळं झालंय: ही मुलं तुमची आहेत का, ते कुलगुरूंनी बैठकीत सांगावं. बाबा हो म्हणाले तर ती इथेच राहतील. नाही म्हणाले तर त्याच दिवशी शिष्टमंडळाबरोबर जातील. बाबांना फक्त एक वाक्य बोलायचं आहे.

"सर काय बोलणार, तुम्हाला माहीत असेल," टोपी म्हणाली.

"नाही."

"घरी विचारत नाही?"

"घरी बाबा असतात. कुलगुरू नसतात."

"मग त्यांना विचारा. बरे असतात का बाबा?"

टोपीचा भाऊ मागच्या वर्षी परत गेला. सुट्टीला. विमानतळावरून पोचलो असा फोन केला आणि त्यानंतर त्याचा फोन कुणीही उचललेला नाही. हे तिने मला डोक्यावरची टोपी नीट करता करता सांगितलं, बस चुकली असं सांगावं तसं.

तुझी,
धाकटी


११ मार्च

दादास,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण फरक पडला आहे.

आवाज पुढे गेला आहे.

आधी बाबा बोलत, मग आवाज. आता आवाज आधी बोलतो, मग बाबा. गेल्या आठवड्यातल्या तीन बैठका मी तपासल्या. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक लावल्या की लहान मुलालाही दिसेल: मागच्या माइकची रेघ हलते, थांबते, मग बाबांची हलते. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा होती. टोपीने दोन्ही जुळवून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही उलटं जोडलंय. इथे सरच दुभाषी आहेत."

मी उलटं जोडलेलं नाही.

बाबांच्या वागण्यातही ते दिसतं, एकदा माहीत झाल्यावर. ते मान किंचित डावीकडे कलती करतात, ऐकतात, मग बोलतात. स्वीय सहायक बाई खूश आहेत. "सर हल्ली किती विचार करून बोलतात, नाही?"

मंगळवारी दुपारी मी दालनात गेले, दार लावलं आणि बाबांना सगळं सांगितलं. क्रमाने. खिडकीतून मैदानावरच्या पोरांचा गलका येत होता. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुला ऐकू येतो?" त्यांनी विचारलं.

"मला नाही. माइकला."

"मग माइक चांगले आहेत."

"बाबा, तुम्हाला कधीपासून ऐकू येतो?"

ते डावीकडे बघायला लागले, मग तसं न करता माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते जड गेलं. म्हणाले, "फाटकापासून."

मला त्यांनी जे सांगितलं ते खाली लिहिते. चुकत असेल तिथे तू दुरुस्त कर. तू वरच्या खिडकीत होतास, असं ते म्हणाले. त्यांनी मान वर केली तेव्हा पडदा हलला होता.

तिकडे सत्ता बदलली आणि धरपकड सुरू झाली. दुभाषीकाका छोटी बॅग घेऊन वकिलातीत राहायला आले. मला आठवतं ते एवढंच की ते आपल्याकडे जेवले आणि मला झोप येईपर्यंत तिकडचे आकडे शिकवत बसले. आपल्या सरकारचा बाबांना आदेश होता: तिकडच्या कुठल्याही माणसाला आत ठेवायचं नाही. सकाळी सैनिक फाटकाशी आले. बाबा बाहेर गेले. आणि काका त्यांच्याबरोबर गेले, कारण बाबा कुणाशी बोलायला निघाले की काका निघत. त्यांनी तेव्हा विचार केला नसावा. बाबांनीही केला नाही. काका सवयीने बाबांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहिले.

अधिकाऱ्याने त्याच्या भाषेत एक प्रश्न विचारला.

"मला तो कळला होता," बाबा म्हणाले. "तेवढी भाषा मला येत होती. तरी मी थांबलो. काम तसंच चालायचं ना."

काकांनी भाषांतर केलं. म्हणाले, "ते विचारताहेत, हा तुमचा माणूस आहे का?"

हा. स्वतःबद्दल. कारण अधिकारी 'हा' म्हणाला होता.

बाबा म्हणाले, "नाही. हा आमचा माणूस नाही."

आणि काकांनी अधिकाऱ्याकडे वळून त्याच सुरात, एक शब्द न खाता, एक जास्तीचा न घालता, तेही सांगितलं. मग त्यांना नेलं. बॅग वकिलातीतच राहिली.

बाबांच्या प्रत्येक परिचयात एक वाक्य असतं, तू ऐकलं नसशील: "अत्यंत कठीण काळात त्यांनी वकिलात शाबूत ठेवली." पुढच्या नेमणुका त्यावरच झाल्या. कुलगुरूपदही. स्वागत समितीतलं कुणीतरी ते वाचतं आणि लोक टाळ्या वाजवतात. बाबा त्या वेळी बूट बघत बसतात. मला वाटायचं, विनय.

मला घरी सांगितलं होतं की दादा शिकायला लांब गेला. तू निघालास त्या दिवशी बाबांना वाकून नमस्कार केला नाहीस, आणि आई म्हणाली, घाईत विसरला. इतकी वर्षं मी तेच धरून होते.

मी बाबांना विचारलं, "मग आता काका काय करताहेत? सूड?"

"छे." ते जवळजवळ रागावले. "तो तसला माणूस नव्हता. तो काम करतोय. मी त्याला दिलेलं शेवटचं वाक्य तेच आहे. त्यानंतर मी त्याला दुसरं दिलं नाही. तो तेच पोचवणार."

"पण ३० तारखेला तुम्ही काय म्हणणार?"

"आमची आहेत, म्हणणार. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?" मग ते थांबले. "तोंडातून काय येईल, ते मला हल्ली आधी माहीत नसतं."

त्यांनी तुझं नाव काढलं नाही. पण मी निघाले तेव्हा म्हणाले, "तुझा भाऊ हेच काम करतो ना? बरं करतो का?"

मी म्हटलं, ऐकून आहे की बरं करतो.

तुझी,
धाकटी


१६ मार्च

दादास,

आधीच्या पत्रांत मी तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. आता लिहिते, कारण त्या कळल्याशिवाय तुला नीट ठरवता येणार नाही.

पहिली. बुधवारी बाबांनी दालनात ते वाक्य म्हणून पाहिलं. समोर फक्त मी होते. उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, म्हणाले, "ही मुलं आमची." मान डावीकडे कलली. मग म्हणाले, "नाहीत." आणि खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मागच्या माइकवर त्या दोन शब्दांच्या मध्ये एक छोटा शब्द आहे. मला ती भाषा येत नाही, पण लहानपणी जो कुठल्याही देशात राहिलाय त्याला तिथला 'नाही' येतो. ते मी टोपीला ऐकवलेलं नाही. ती रोज विचारते, आज मागचा माइक लावायचा का? मी म्हणते, आज नको.

दुसरी. मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. सरळ हिशेब होता: जागा भरलेली असेल तर आवाजाला जागा नसेल. बाबांना म्हटलं, अहवाल वाचा. त्यांनी वाचला. मी तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसले. मला काहीही जाणवलं नाही. थोडी झोप येत होती, तो अहवालाचा दोष. बाबा थांबत होते आणि पुन्हा वाचत होते. मान एकदाही कलली नाही. मला वाटलं, जमलं.

मग मी ध्वनिमुद्रण ऐकलं. पुरुषाचा आवाज नव्हता. थांब्यांमध्ये माझा होता.

माझाच होता. मी रोज आवाजांचं काम करते, माझा मला ओळखता येतो. शांत, स्वच्छ, तिकडच्या भाषेत, अस्खलित. जी भाषा मला येत नाही. टोपीने ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "इतके दिवस लपवलंत! आजोबांसारखं बोलता."

तिला मी हसून दाखवलं.

त्यातून मी जो निष्कर्ष काढला तो असा. खुर्चीत बसणाऱ्याला भाषा येत नसेल तर तो नळीसारखा असतो. वरून काय ओतलं जातंय आणि खालून काय पडतंय, त्याला कळत नाही. भाषा येणारा माणूस बसला तर त्याचं तोंड त्याचं राहील. त्याने ऐकलेलं तोच बोलेल. टोपीला बसवता येणार नाही, तिच्याबद्दलचं वाक्य तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं नाही. ते एकदा झालं आहे. बाहेरचा दुभाषी मिळेल, पण बाबा त्याच्याकडे मान वळवतील का, याची मला खात्री नाही. तुझ्याकडे वळवतील, असं मला वाटतं. हे मी सिद्ध करू शकत नाही.

तिसरी गोष्ट काल दुपारची. बाबा मंत्रालयात गेले होते. दालन रिकामं होतं. बाई जेवायला गेल्या होत्या. मी खुर्चीसमोर एक माइक लावला आणि दार लावून बाहेर बाकावर बसले. कुणी आत गेलं नाही, मी दाराकडेच बघत होते.

ते ध्वनिमुद्रण कळायला टोपीची गरज पडली नाही. आवाज पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोलला. मला तो लगेच कळला. तसाच, काका 'चिमणे' म्हणायचे तसा, आपल्यापेक्षा नीट. म्हणतो:

"ते विचारताहेत, हा तुमचा माणूस आहे का?"

आणि थांबतो. उत्तराला पुरेल एवढं थांबतो. मग पुन्हा तेच विचारतो. त्याच सुरात. आवाज चढत नाही, केविलवाणा होत नाही. मी आत जाऊन माइक बंद करेपर्यंत तो विचारत होता आणि थांबत होता. दादा, तो अजून फाटकाशीच उभा आहे. त्याला कुणी दुसरं उत्तर दिलेलं नाही, म्हणून त्याला पहिलंच सांगत राहावं लागतंय.

मी आत गेले तेव्हा खुर्चीवर फाईल होती. ती उचलून जमिनीवर ठेवली.

मी बाबांची बाजू घेत नाही. त्या खिडकीतून तू काय पाहिलंस ते मी पाहिलेलं नाही, आणि तू त्यांना माफ कर असं मी तुला सांगणार नाही. तो माझा विषय नाही. तुला त्यांच्याशी जेवायला बसायचं नसेल तर आई तुझं ताट माझ्या खोलीत आणून देईल, असं तिने स्वतःहून सांगितलं. मी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, "अगं, मी त्या घरात राहत होते. फाटक काय फक्त वरच्या खिडकीतून दिसायचं?"

काम एवढंच आहे. ३० मार्चला सकाळी परिषदेच्या दालनात बाबांच्या डाव्या खांद्यामागच्या खुर्चीत बसायचं. शिष्टमंडळ त्यांच्या भाषेत विचारेल, ते तू बाबांना आपल्या भाषेत सांगायचंस. बाबा म्हणतील ते तू त्यांना सांगायचंस. एक शब्द न खाता, एक जास्तीचा न घालता. काकांनी तुला शिकवलं तसं. बाबा 'आमची आहेत' म्हणतील, असा माझा अंदाज आहे, पण खुर्चीत माणूस असेल तरच. अंदाज चुकला तर तुझ्या तोंडून काय बाहेर पडायचं, ते तुझं तू ठरव. त्या दिवशी फाटकाशी कुणाला तेवढी मोकळीक नव्हती.

खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही, आणि काढली तर बाबा बोलणारच नाहीत. तू आला नाहीस तर तिच्यात मी बसेन. मला ती भाषा येत नाही.

२२ मार्चपर्यंत कळव. येतो किंवा येत नाही, एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
चिमणी